मदत हवी आहे : उबुंटूवर ऑफलाइन मराठी व्हॉइस टायपिंग

नमस्कार मंडळी, मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे. केरळ हायकोर्टाने १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथल्या जिल्हा न्यायालयांत साक्षी नोंदवायला अदालत एआय (बोललेलं ऐकून आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर) सक्तीचं केलं तेव्हापासून आमच्या संघटनेतही तोच विषय, निवेदन द्यायचंय पण आधी नीट माहिती हवी ना, नुसतं "आमच्या नोकऱ्या जातील" म्हणून कोण ऐकतंय.

आमचे पीसी उबुंटूवर, त्यामुळे विंडोजवालं काही सुचवू नका. घरी गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग बनावट मजकूर वाचून पाहिलं, सावकाश बोललं तर बरं येतं पण साक्षीदार घाईत बोलतात तसं बोललं की "मयत"चं "मैत", गट नंबर तर विचारूच नका, आणि उलटतपासात तेच महत्त्वाचं असतं. शिवाय आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जातो, पॉक्सोच्या केसमध्ये ते चालणारच नाही. हेडसेट बदलून पाहिला, फरक नाही.

तर लिबरऑफिसमध्ये युनिकोड मराठी टाकणारं, इंटरनेटशिवाय चालणारं काही कुणी प्रत्यक्ष वापरलंय का, आणि साक्ष टाइप करण्यापेक्षा त्यातल्या चुका दुरुस्त करायला जास्त वेळ लागतो की कमी?