मदत हवी आहे : गरोदरपणात स्तनांची अतिवाढ, ब्रोमोक्रिप्टीन आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

माझी धाकटी बहीण पहिलटकरीण असून तिला पाचवा महिना सुरू आहे. तिसरा महिना संपत आला तसे तिचे दोन्ही स्तन इतक्या झपाट्याने वाढू लागले की नवे शिवलेले ब्लाऊज आठवडाभरात अंगात जाईनासे झाले. 'पहिल्या खेपेला असे होतेच' म्हणून सुरुवातीला तिची बोळवण झाली, याचा मला आजही संताप येतो. आता कातडी ताणून चकचकीत झाली आहे, शिरा ठळक दिसतात आणि उजव्या स्तनाच्या खालच्या बाजूला रुपयाएवढी जागा सोलवटून तिथून पाणी झिरपते. उताणे झोपले की श्वास कोंडतो, त्यामुळे ती लोडाला टेकून रात्र काढते.

दुसऱ्या डॉक्टरांनी 'जेस्टेशनल जायगँटोमॅस्टिया' असे निदान केले. हा आजार फार दुर्मीळ आहे. लिम्फोमासारखे (लसिका पेशींचा कर्करोग) काही नाही याची खात्री व्हावी म्हणून सोनोग्राफी आणि बायोप्सी केली. दोन्हींत तसे काही आढळले नाही. रक्तातील कॅल्शियम आणि ल्यूपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) तपासण्याही ठीक आल्या. गरोदरपणात वाढणाऱ्या संप्रेरकांना स्तनांतील पेशी अवाजवी प्रतिसाद देत असाव्यात, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. त्यांनी प्रोलॅक्टिन (दूध तयार करवणारे संप्रेरक) कमी करणारी ब्रोमोक्रिप्टीनची गोळी सुरू केली आहे. त्या गोळीने वाढ थांबू शकते, पण वाढलेला आकार उतरेलच असे नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले. जखम चिघळली किंवा रक्तस्राव आवरेना झाला, तर गरोदरपणातच शस्त्रक्रिया करावी लागेल. त्यातही स्तन केवळ लहान केले तर पुढच्या खेपेला पुन्हा वाढ होऊ शकते आणि पूर्ण काढले तर तो धोका बराच कमी होतो, पण अंगावर पाजण्याचा प्रश्नच उरत नाही.

'बाळंत झाली की आपोआप उतरेल' असे घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणतात. काहींच्या बाबतीत ते खरेही असते, पण तोवर ती उघडी जखम कशी सांभाळायची?

ज्यांनी हे स्वतः सोसले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे : गोळीने होणारी मळमळ आणि चक्कर कशी आटोक्यात ठेवली, भार पेलेल असा रुंद पट्ट्यांचा आधार कोणाकडून शिवून घेतला, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, अशी सोय सांगली-कोल्हापूरकडे किंवा पुण्यात कुठे मिळाली?