भाड्याच्या घरात बुरशी, दुरुस्ती कुणी करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात वडगावला भाड्याने राहतो. यंदाच्या पावसात मुलीच्या खोलीत काळी बुरशी धरलीय. कपाट सरकवलं तर मागचा गिलावा भुसभुशीत होऊन हातातच आला. तिचा खोकला थांबत नाही, रात्रभर जीव थाऱ्यावर नसतो. मालक काका म्हणतात, "खिडक्या बंद ठेवता म्हणून." पण ओल स्लॅबच्या कोपऱ्यातून खाली उतरतेय, म्हणजे गच्चीच गळतेय ना? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०८ मध्ये आहे की मालकाने करायची दुरुस्ती कळवूनही वेळेत झाली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. आमच्या ११ महिन्यांच्या कन्नड करारात गळतीचा उल्लेखच नाही. इथे कुणी असं केलंय का? नोटीस कन्नडमध्येच द्यावी का? काकांशी संबंध तोडायचे नाहीत, माणूस वाईट नाही.