370झेडला टर्बो: ताकद किती वाढवावी आणि टिकाऊपणा कोठवर सोडावा?

सिंहगडरोडकर
नमस्कार. माझ्याकडे 2011 ची निस्सान 370झेड आहे, मॅन्युअल गिअरबॉक्सची. 3.7 लिटरच्या व्ही6 इंजिनाची सुमारे 330 अश्वशक्ती कमी पडते असे नाही, पण द्रुतगती मार्गावर खंडाळ्याचा घाट चढताना मधल्या आरपीएमला आणखी जोर असावा असे वाटते. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबणारी यंत्रणा) किटचे विक्रेते 500 च्या पुढचे आकडे सांगतात. माझी अट एवढीच की, एप्रिलच्या उन्हात गाडी ताम्हिणीत बंद पडू नये. अशा वापरासाठी किती बूस्ट, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा जादा दाब, ठेवावा आणि पैसा आधी कोठे घालावा?

भोसरी_लेथ
बूस्टच्या आधी कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते, ते पाहा. या इंजिनाचा रेशो 11:1 आहे. ते टर्बोविना चालण्यासाठीच आखलेले आहे. त्यावर 0.4 बार, म्हणजे साधारण सहा पीएसआय बूस्ट दिला, तर कागदावर हवा चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढते, पण दाबलेली हवा तापत असल्याने प्रत्यक्ष फायदा त्याहून कमी मिळतो आणि याच उष्णतेमुळे सिलिंडरमधले उरलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच पेटून नॉकिंग सुरू होते. पिस्टनच्या दोन रिंगांमधला भाग फुटतो तो बहुधा यामुळे. म्हणून दाबलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर घ्या आणि ट्यूनिंग 95 ऑक्टेनवर (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता) करून घ्या. पुण्यात 100 ऑक्टेनचे पेट्रोल मिळते हे खरे, परंतु कोकणात उतरल्यावर टाकीत काय पडेल याचा भरवसा नसतो. कमी आरपीएमला टॉर्क एकदम चढू देऊ नका, कारण पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर खरा ताण तेव्हा येतो.

पैशाचे म्हणाल, तर पहिला खर्च टर्बोवर करूच नये. या इंजिनात टायमिंग कव्हरच्या मागे ऑइल गॅलरीची, म्हणजे ऑइल वाहून नेणाऱ्या मार्गांची, कागदी गॅस्केट असतात. ती कालांतराने फाटतात आणि ऑइलचा दाब उतरतो. टर्बोचे बेअरिंग त्याच ऑइलवर फिरणार आहे. ती बदलून धातूची बसवा, ऑइल कूलर लावा, कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून दाब किती गळतो याची) चाचणी करून घ्या. क्लच सोडवणारा, ऑइलच्या दाबावर चालणारा स्लेव्ह सिलिंडरही या गाडीत नाजूकच आहे. एवढे करून जे उरेल, त्यात टर्बो बसत असेल तर बसवा.

कर्वेनगर_विमा
मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कोणी काढले नाही, म्हणून लिहितो. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तक विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. कलम 182अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडापेक्षा मला अपघातानंतरच्या दाव्याची अधिक काळजी वाटते. न कळवलेला बदल सर्वेक्षकाला दिसला, तर विमा कंपनीच्या हाती आयते कारण पडते.

सिंहगडरोडकर
दोघांचेही आभार. मग टर्बोऐवजी सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर, म्हणजे एक्झॉस्टऐवजी इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून हवा दाबणारा पंखा, बसवला तर?

भोसरी_लेथ
रॉडच्या दृष्टीने तो सौम्य आहे, कारण त्याचा बूस्ट आरपीएमबरोबर हळूहळू चढतो. नेमके त्यामुळेच, तुम्हाला हवा असलेला मधला जोर तो फारसा देणार नाही. शिवाय उष्णता, इंधन आणि कायदा हे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे राहतात.

खरे सांगायचे तर, तुमची तक्रार इंजिनापेक्षा गिअरिंगची अधिक आहे. डिफरन्शियलचे (मागच्या चाकांकडे फिरकी पोहोचवणाऱ्या शेवटच्या गिअरचे) गुणोत्तर सुमारे 3.7 वरून 4.1 केले, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरचा जोर जवळपास दहा टक्क्यांनी वाढतो आणि इंजिनाच्या आत काहीच बदलत नाही. कमाल वेग आणि मायलेज थोडे घटेल, द्रुतगती मार्गावर त्याच वेगाला आरपीएमही जास्त राहील. आधीच्या मालकाने ऑइल गॅलरीचे काम केले होते का, हे सर्व्हिसच्या कागदांत पाहून कळवा. त्यावर पुढचे ठरवता येईल.