मदत हवी आहे : झिंक ऑक्साईडच्या नॅनोस्फटिकांचा आकार दोन मापनांत वेगळा का येतो?

नमस्कार. मी कोल्हापुरात पदार्थविज्ञानात संशोधन करते. गेले काही महिने एका विसंगतीपाशी काम अडले आहे, म्हणून अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

झिंक अ‍ॅसिटेट गरम इथेनॉलमध्ये विरघळवून, ते बर्फात गार करून, त्यात सोडियम हायड्रॉक्साईडचे इथेनॉलमधील द्रावण मी थेंबाथेंबाने सोडते. तयार झालेले द्रावण नितळ असते आणि यूव्ही दिव्याखाली पिवळसर हिरवे चमकते. त्याच्या शोषणाची कडा (ज्या तरंगलांबीखाली ते प्रकाश शोषू लागते) ३५० नॅनोमीटरच्या आसपास येते. मोठ्या स्फटिकात ती ३७० च्या जवळ असते आणि कण लहान होतील तशी खाली सरकते, म्हणजे माझे कण साधारण ४ नॅनोमीटरचे असावेत.

यात हेक्झेन ओतले की दूध नासावे तसा पांढरा साका वेगळा होतो. तो सेंट्रिफ्यूजमध्ये काढून, दोनदा पाण्याने धुऊन, १०० अंशांवर रात्रभर सुकवते. या भुकटीच्या एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) ३६.३ अंशांच्या कोनावरील (१०१) या स्फटिक-प्रतलाच्या शिखराची अर्ध्या उंचीवरील रुंदी ०.७ अंश भरते आणि शेररच्या सूत्राने (शिखर जितके अरुंद, तितका स्फटिक मोठा) आकार १२ नॅनोमीटर निघतो. (००२) शिखर तर आणखी अरुंद असून त्यावरून १८ नॅनोमीटर येतात. सिलिकॉनच्या प्रमाण नमुन्यावरून उपकरणामुळे शिखरात येणारी रुंदी मी वजा केली आहे, त्यामुळे चूक तिथे नसावी.

माझा संशय धुण्यावर आणि सुकवण्यावर आहे. पृष्ठभागावरचे अ‍ॅसिटेट कणांची वाढ रोखते आणि पाणी ती वाढवते, हे ज्ञात आहे. मग पाण्याने धुताना मीच ते संरक्षण काढून टाकते आहे का? (००२) इतके अरुंद असल्याने कण एकमेकांना जुळून सी-अक्षाच्या (ज्याला (००२) प्रतले काटकोनात असतात त्या अक्षाच्या) दिशेने लांबत असावेत, असेही वाटते. मार्चमधल्या नमुन्यांत ही तफावत कमी होती. जूननंतर इथली हवा इतकी दमट होते की इथेनॉलची बाटली थोडा वेळ उघडी राहिली तरी ते पाणी ओढून घेते, याचाही यात हात असू शकेल.

पाण्याऐवजी इथेनॉल आणि हेक्झेन आलटून पालटून वापरून धुतले आणि साका खोलीच्या तापमानाला निर्वात पात्रात सुकवला, तर मूळ आकार टिकेल का? तसे केल्यास उरलेल्या अ‍ॅसिटेटची शिखरे लहान कोनांवर दिसून विश्लेषणात अडथळा येईल का? टीईएमसाठी (कण थेट दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) नमुना बाहेर पाठवावा लागतो आणि एकाच नमुन्याची सोय आहे; तेव्हा नमुना ठेवायच्या जाळीवर ताज्या द्रावणाचा थेंब द्यावा की भुकटी पुन्हा विखुरून द्यावी, हेही कृपया सांगावे.