मदत हवी आहे: मागच्या डाव्या ब्रेक ड्रमचे शू संपले, उजवे शाबूत. नुसते शू बदलून भागेल का?

मंडळी, गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, २०१२ ची. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दोन शू दाबतात तो). राहायला नाशिकच्या इंदिरानगरला, रोजचं जाणं-येणं अंबडपर्यंत, अधूनमधून इगतपुरी नाहीतर वणी.

मागच्या आठवड्यात सप्तशृंगी गडावरून उतरून नांदुरीत चहाला थांबलो, तर मागच्या डाव्या चाकापाशी करपल्याचा वास. रिमजवळ हात धरवेना. उजवं चाक मात्र कोमट. घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरवला होता, ब्रेकवर पाय ठेवून नाही. नाशिकला येईस्तोवर मागून कर्र कर्र सुरू झालं, ब्रेक मारला की जास्त.

रविवारी पार्किंगमध्येच उघडायला घेतलं. पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, गाडी स्टँडवर घेतली. (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.) उजवा ड्रम हातोडीने कडेकडेने ठोकल्यावर सुटला. डावा काही केल्या हलेना. ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन भोकं असतात, त्यात ८ एमएमचे बोल्ट घालून आलटून पालटून अर्धा अर्धा फेरा पिळत गेलो. खट् करून जागचा हलला, पण बोटभर बाहेर येऊन पुन्हा अडकला. झिजून झिजून ड्रमच्या कडेला आतून जी धार उभी राहते, तिच्यात शू अडकत होते. शेवटी मागच्या प्लेटचं रबरी बूच काढलं, एका स्क्रू ड्रायव्हरने ॲडजस्टरची (शू ड्रमच्या जवळ-लांब करणाऱ्या भागाची) पट्टी उचलून धरली, दुसऱ्याने दातेरी चाक उलटं फिरवलं, तेव्हा कुठे महाराज बाहेर आले.

आतली परिस्थिती अशी. डावीकडच्या दोन्ही शूंवर लायनर (ड्रमला घासणारा थर) कागदाएवढं उरलंय, एका कोपऱ्यात तर लोखंडच ड्रमला घासलंय. ड्रमला आतून चर पडलेत, नख अडकतं, आणि मधूनमधून निळसर डाग आहेत. उजवीकडे लायनर तीन एमएमच्या वर, ड्रम गुळगुळीत. व्हील सिलिंडरची (पेडल दाबलं की शू बाहेर ढकलतो तो) रबरं उचलून पाहिली, डावीकडे किंचित ओलसर आहे, थेंब नाही.

चार शूंचा सेट इथल्याच द्वारका भागातून आणून ठेवलाय, दोन्ही चाकांचे बदलणार हे नक्की. पण एकाच बाजूचे शू असे का खाल्ले गेले हे कळल्याशिवाय नवीन बसवायला मन होत नाही. शिवाय डावा ड्रम लेथवर मारून घ्यावा की नवाच घ्यावा? ड्रमवर कमाल व्यास १८२ एमएम कोरलाय, मोजला तर १८०.६ भरतो.

एक राहिलं. पावसाळ्याआधी हँडब्रेक फार वर येतो म्हणून एका गॅरेजला दाखवली होती. त्यांनी लिव्हरखालचा नट पिळून पाच मिनिटांत काम करून दिलं. तेव्हापासून हँडब्रेक तिसऱ्या टकटकीला घट्ट. याचा संबंध आहे की नाही ठाऊक नाही, पण सांगून ठेवतो.

जुना_पाना:
भाऊ, जे शेवटी 'एक राहिलं' म्हणून लिहिलंय तेच आधी बघा.

हँडब्रेक वर यायला लागतो तो बहुतेक वेळा शू झिजून ड्रमपासून लांब गेल्यामुळे. अशा वेळी शू ॲडजस्टरने बाहेर आणायचे असतात. केबल ताणली की लिव्हर छान लागतो, गिऱ्हाईक खूश, पण आत शूवरची हँडब्रेकची पट्टी अर्धवट ओढलेलीच राहते. मग शू पूर्ण मागे जात नाहीत आणि आपोआप चालणारा ॲडजस्टरही काम सोडतो.

आता ड्रम निघालेलाच आहे तर हँडब्रेक पूर्ण खाली करून चाकातल्या दोन शूंपैकी मागच्या शूच्या पाठीमागची ती पट्टी बघा. तिचा थांबा शूच्या कडेला टेकलेला हवा. उजवीकडे टेकला असेल आणि डावीकडे फट दिसत असेल, तर डावी केबल आत अडकतेय. पट्टीतून केबलचं टोक काढा आणि हाताने ओढून सोडा. स्प्रिंगच्या जोराने झटकन परत गेली पाहिजे. आपल्याकडे इगतपुरी-घोटीच्या पावसात वरचं आवरण कुठे चिरलं की पाणी आत जातं आणि तार आतल्या आत गंजते. उजवी मोकळी असेल, तिने तो ताण निभावून नेला. डावी ओढली गेली ती परतलीच नाही.

पुढचा शू मागच्यापेक्षा थोडा जास्त झिजणं नेहमीचं आहे. डाव्या-उजव्यात एवढा फरक मात्र नेहमीचा नाही. केबल मोकळी निघाली तर सिलिंडरचा पिस्टन अंगठ्याने दाबून बघा, जाम असेल तर संशय तिकडे. आणि ड्रम बाहेर असताना चुकूनही कुणाला ब्रेक दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर येतील आणि ऑइल सांडेल. ते रंगही खातं.

मायक्रॉन:
ड्रमबद्दल. १८२ ही फेकून द्यायची हद्द आहे, तिथपर्यंत कापायचं नसतं, पुढच्या झिजेला जागा ठेवावी लागते. तुम्ही अंबडला रोज जाताच, तिथे लेथवाल्याला सांगा की १८१ च्या आसपास चर साफ होत असतील तरच मार. निळे डाग तापल्याचे, तिथे बीड (ड्रमचं ओतीव लोखंड) कडक होऊन बसतं आणि टूल उड्या मारतं. तसं झालं तर जोडीने नवे घ्या. एक ड्रम कापलेला आणि एक जुन्या मापाचा असं शक्यतो ठेवू नये, ब्रेक एकीकडे ओढतो.

सिलिंडरला नुसता ओलावा चालतो. थेंब जमला किंवा लायनरवर ऑइल आलं तर सिलिंडर बदला आणि मग ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दुसरा माणूस हाताशी ठेवा.

शू बसवताना एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी बघून बघून स्प्रिंगा लावता येतात. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे बहुतेक गाड्यांत उलटसुलट असतात, अदलाबदल झाली तर ॲडजस्टर घट्ट व्हायच्या ऐवजी सैल होत जातो. मागच्या प्लेटवर शू जिथे टेकतात त्या उंचवट्यांना अगदी बोटाच्या टोकाएवढं ब्रेक ग्रीस, लायनरला तेलकट हातही नको. आणि आतल्या काळ्या धुळीवर फुंकर मारू नका, हवेचा पाइपही नको. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसा.

(धागाकर्ता):
पानाकाका, पट्टी पाहिली. उजवीकडे टेकलेली, डावीकडे चांगली फट. टोक काढून ओढलं तर केबल बाहेर आली आणि तशीच लोंबत राहिली, हाताने ढकलावी लागली. पुढच्या टोकाशी आवरण चिरलंय, तिथून गंजाचं लाल पाणी निघालं. नवी केबल सांगितलीय, उद्या मिळेल. ड्रम लेथवाल्याकडे दिलाय, तो म्हणाला चर निघतील पण डागांचं खात्रीने सांगत नाही.

आता एकच विचारतो. लिव्हरखालचा नट केबल बसवण्याआधी पूर्ण सैल करून ठेवायचा ना?

जुना_पाना:
हो, पूर्ण सैल. ड्रम चढवा, बुचाच्या भोकातून ॲडजस्टर इतका फिरवा की चाक हाताने फिरवताना हलकं घासल्याचा आवाज येईल पण चाक अडणार नाही. दोन्ही बाजू झाल्या की पेडल चांगलं पंप करा, शू मधोमध बसतात. चाक पुन्हा फिरवून बघा, अडत असेल तर दोन दाते मागे. नट सगळ्यात शेवटी, आणि हँडब्रेक खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरतायत ना हे बघूनच. किती टकटकीला लागायला हवा ते गाडीच्या पुस्तकात असतं, तीनवर आणायच्या नादी लागू नका.

पहिले काही दिवस ब्रेक जरा कमी धरतील, शू ड्रमला बसेपर्यंत. तोवर घाटात नेऊ नका, अंबडच्या मोकळ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी हळू वेगात मारून बघा. परत आल्यावर दोन्ही चाकांना हात लावून कळवा.