हर्णैच्या घरातल्या पडवीच्या दाराचं हँडल तुटलंय; जुळणारं कसं ओळखावं आणि कोणतं बसवावं?

पडवी_हर्णै

नमस्कार मंडळी. हर्णैला आईबाबांचं घर आहे, समुद्राकडे तोंड करून. आतला सागवानी दरवाजा जुना आणि भक्कम आहे. त्याच्या बाहेर पडवीला अ‍ॅल्युमिनियमचं दार आहे. वरच्या अर्ध्या भागात जाळी, पावसाळ्यात जाळी काढून त्याच खाचेत काच बसवायची, खाली बंद पॅनल. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, पडवीचं लाकडी दार चौकटीसकट गेलं, त्यानंतर हे बसवलं. घरात झड येऊ न देणारं हे एकच दार आहे. बाहेरच्या बाजूला उघडतं.

आता त्याचं बाहेरचं हँडल लोंबतंय. हात सोडला की दांडा खालीच राहतो, वर येत नाही. आतलं हँडल व्यवस्थित चालतं. बाहेरच्या प्लेटवर फोड आलेत, वरचा चकचकीत थर पापुद्र्यासारखा निघतो आणि खाली पांढरी भुकटी आहे. खालच्या स्क्रूला डोकंच उरलेलं नाही, स्क्रूड्रायव्हर कुठे लावायचा कळत नाही. नाव किंवा नंबर कुठेही नाही.

दापोलीला दोन ठिकाणी विचारलं. एकाने सांगितलं की कुलपासकट सगळं बदलावं लागेल. दुसऱ्याने ‘हे सगळ्यांना बसतं’ म्हणून एक हँडल दिलं. घरी लावून बघितलं तर दांडा बरोबर बसतो, पण प्लेटवरचं चावीचं भोक दोनेक सूत खाली येतं. ते परत केलं.

बाबा काठी घेऊन चालतात. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने दार, त्यामुळे गोल मूठ नको, खाली दाबायचा दांडाच हवा. मिरगाच्या आधी काम झालं पाहिजे. कोणतं माप घेऊ आणि कोणत्या धातूचं घेऊ, हे जाणकारांनी सांगावं.

चिपळूणवाला

ताई, एवढा त्रास कशाला घेता? कुलूप, सिलिंडर (चावी घालतो तो भाग), दोन्ही हँडलं असा पूर्ण सेट मिळतो. फॅब्रिकेटरला बोलवा, तासाभरात बसवून जाईल. मी तसंच केलं.

सेक्शनवाला_गुहागर

मी गुहागर-शृंगारतळी भागात अ‍ॅल्युमिनियमचं काम करतो. समुद्रालगतच्या घरांची दारं-खिडक्या हेच माझं रोजचं काम आहे. ताई, पूर्ण सेट घेऊ नका, निदान आधी तपासा तरी. नवीन कुलपाचं माप वेगळं निघालं तर सेक्शन, म्हणजे दाराच्या चौकटीची पोकळ नळी, पुन्हा कापावा लागतो, आणि एकदा कापलेला सेक्शन परत जोडता येत नाही.

पहिलं काम, बिघाड हँडलचा की कुलपाचा ते ठरवा. आतल्या दांड्याने कुलपाची जीभ आत जाते ना? मग कुलूप चांगलं आहे. बाहेरच्या हँडलमधली स्प्रिंग तुटली असणार, नाहीतर दांडा धरून ठेवणारा छोटा स्क्रू सैल झाला असणार. तो दांड्याच्या खालच्या बाजूला असतो, त्याला षटकोनी अ‍ॅलन की लागते. तो घट्ट केल्यावरही दांडा वर आला नाही तर स्प्रिंग गेली. हँडल निघाल्यावर खात्री करून घ्या. कुलपाच्या चौकोनी भोकात, दोन्ही हँडलं जोडणारा जुना चौकोनी गज घाला आणि पान्याने फिरवा. जीभ पूर्ण आत जाऊन झटक्यात बाहेर आली की कुलपाला हात लावायचं कारण नाही.

आता माप. हँडलवर नाव नसलं तरी बिघडत नाही, कारण बसणं न बसणं मापावर असतं. सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे चौकोनी गजाच्या मध्यापासून चावीच्या सिलिंडरच्या वरच्या गोल भागाच्या मध्यापर्यंतचं अंतर. आम्ही त्याला सेंटर म्हणतो. आपल्याकडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दारांना बहुतेक ८५ एमएम सेंटर असतं, पण ७२ चं आणि ९२ चंही बाजारात मिळतं. तुम्हाला दिलेलं हँडल दोन सूत, म्हणजे सहा-सात एमएम, खाली येत होतं, म्हणजे ते ९२ चं असावं आणि तुमचं ८५ चं. पण माझ्या अंदाजावर खरेदी करू नका, मोजा. आणि सुतात नको, एमएममध्येच. मध्य डोळ्यांनी नीट सापडत नाही, म्हणून गजाच्या वरच्या कडेपासून गोल भागाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, मग खालच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. दोन्ही आकड्यांची सरासरी घेतली की सेंटर मिळतं.

मग गजाची जाडी, बहुधा ८ एमएम. प्लेटच्या वरच्या स्क्रूपासून खालच्या स्क्रूपर्यंतचं अंतर. दाराच्या सेक्शनची जाडी, कारण गज आणि स्क्रू किती लांब हवेत ते त्यावरून ठरतं. प्लेटची रुंदीही बघा, रुंद प्लेट बीडिंगवर, म्हणजे काच धरणाऱ्या पट्टीवर, चढते. दार बाहेरून बघताना बिजागऱ्या डावीकडे की उजवीकडे हेही लिहून ठेवा, काही हँडलांची स्प्रिंग एकाच बाजूला काम करते. दुकानात जाताना जुनी प्लेट बरोबर न्या. ती निघत नसेल तर कागद ठेवून पेन्सिलीने घासा, भोकांचा ठसा उमटतो.

आता धातूचं बोलतो. तुमची पांढरी भुकटी आणि फोड सांगतात की हँडल जस्ताच्या मिश्रधातूचं, ओतीव, वर क्रोमचा मुलामा दिलेलं आहे. मुलाम्याला बारीकशी चीर पडली की खारी हवा आत शिरते आणि आतल्या आत जस्त खाते. समुद्राजवळ हे हँडल घेऊच नये.

दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल स्टील’. त्यावर विसंबू नका. स्टेनलेस स्टीलच्या २०२ ग्रेडलाही चुंबक फारसं चिकटत नाही आणि ३०४ ग्रेडलाही नाही, पण खाऱ्या हवेत २०२ ला फार लवकर तांबूस डाग पडतात. ३०४ बरं आहे. लाटांचे तुषार येतील इतक्या जवळ ३१६ चांगलं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठापासून वाचवतं. पण माझा स्वतःचा कल वेगळा आहे. दार अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर हँडलही पावडर कोटिंगवालं भरीव अ‍ॅल्युमिनियमचंच लावा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की त्यातला एक झिजतो, आणि स्टीलशेजारी झिजणार ते तुमचं दार. स्क्रू मात्र स्टीलचेच, ३०४ चे. स्क्रूचं आकारमान लहान, त्यामुळे एवढ्या मोठ्या सेक्शनला त्यांचा त्रास कमी. तरी डोक्याखाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना ग्रीस लावाच.

रेडीचा_पावणा

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घराला पितळेची मूठ आणि कडी-कोयंडा आजोबांच्या काळापासून आहे. चिंचेने घासली की नव्यासारखी दिसते. समुद्राजवळ पितळच लावावं असं माझं ठाम मत आहे.

सेक्शनवाला_गुहागर

दादा, लाकडी दरवाजावर पितळेसारखं काही नाही, हे मलाही मान्य. पण तीच मूठ अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनवर लावली तर स्टीलपेक्षाही जास्त वेगाने सेक्शन खाते. लाकूड मध्ये होतं म्हणून आजोबांची मूठ टिकली. ताईंच्या आतल्या सागवानी दरवाजाला पितळ जरूर लावा.

पडवी_हर्णै

किती सविस्तर सांगितलंत, मनापासून आभार. आज मापं घेतली. सेंटर ८५ आलं. गज ८. सेक्शन ४५ जाडीचा. बाहेरून बघताना बिजागऱ्या डावीकडे. अ‍ॅलन कीचा छोटा स्क्रू घट्टच होता, म्हणजे स्प्रिंगच गेली असणार.

डोकं नसलेला स्क्रू कसा काढू? आणि एक गोष्ट समजत नाही. पडवीचं छप्पर बरंच पुढे आलंय, हँडलवर पाऊस थेट पडत नाही. उलट कुंपणाच्या गेटवर दिवसभर पाऊस आपटतो, त्याचं हँडल अजून धड आहे. असं कसं?

सेक्शनवाला_गुहागर

ताई, पाऊस पडत नाही म्हणूनच. आठ महिने समुद्राचा वारा मीठ आणून चिकटवतो. गेटवरचं मीठ पहिल्या पावसात धुऊन जातं. पडवीतल्या हँडलवरचं तसंच राहतं, आणि पावसाळ्यात दमट हवेने ते मीठ सतत ओलं राहतं. छपराखालचं लोखंड उघड्यावरच्या लोखंडाआधी खराब झालेलं मी कितीतरी घरांत बघतो. प्लेटच्या मागची बाजू आणि दांड्याची खालची बाजू आधी जाते ती याच कारणाने. म्हणून दिवाळीनंतर अधूनमधून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने हँडल, बिजागऱ्या आणि कडेची पट्टी पुसून कोरडी करत जा. कोणत्याही महागड्या पॉलिशपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

स्क्रूसाठी हातोडी नको. सेक्शन आतून पोकळ असतो, खड्डा पडला की कुलूप आत अडकतं. आधी डब्ल्यूडी-४० किंवा तसलं गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या. मग वरचा स्क्रू काढा, त्याला डोकं आहे. खालच्याच्या बरोबर मध्यावर पंच लावून हलका ठोका द्या, म्हणजे ड्रिल सरकणार नाही. मग आधी बारीक ड्रिल, नंतर स्क्रूच्या दांड्याएवढं जाड. डोक्याकडचा भाग खाल्ला गेला की प्लेट मोकळी होते. उरलेला तुकडा दुसऱ्या बाजूने पक्कडीत धरून फिरवून काढायचा. ड्रिल सावकाश चालवा आणि डोळ्यांना चष्मा लावा.

सिलिंडर काढायचा असेल तर दाराच्या कडेच्या पट्टीवर त्याच्याच उंचीवर एक लांब स्क्रू दिसेल. तो काढा, चावी घाला, किंचित फिरवा आणि ओढा. चावी एका विशिष्ट कोनात आली की सिलिंडर सुटतो. नवा घ्यायचा झाला तर त्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांची लांबी वेगवेगळी मोजा, दोन्हीकडे सारखी असेलच असं नाही.

बसवताना प्लेट आणि सेक्शनच्या मध्ये पातळ प्लास्टिकची शीट कापून घाला. कडेने सिलिकॉन लावणार असाल तर न्यूट्रल प्रकारचं मागा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते लावू नका, त्यातल्या आम्लाने धातू खराब होतो. खालची कड मात्र उघडी ठेवा, आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी. दोन्ही स्क्रू आधी सैल लावा, दांडा दाबून बघा, चावी फिरवून बघा, मग थोडे थोडे आलटून पालटून आवळा. एक स्क्रू आधीच करकचून आवळला की प्लेट तिरकी होते आणि दांडा घासायला लागतो.

आणि हे दार बाहेर उघडतं ना? वाऱ्याने ते हातातून निसटून भिंतीवर आपटतं का? तसं असेल तर नवी स्प्रिंगही तुटेल. डोअर क्लोजर (दार आपोआप सावकाश बंद करणारं यंत्र) किंवा निदान साखळी लावा, आणि उघडं ठेवायचं तेव्हा अडकवायला भिंतीला हूक.

गुहागर_ते_न्यूजर्सी

मूळचा गुहागरचा, आता न्यू जर्सीत आहे. इथे बहुतेक घरांना मुख्य दाराबाहेर असंच दुसरं दार असतं, त्याला स्टॉर्म डोअर म्हणतात. उन्हाळ्यात जाळी, हिवाळ्यात काच. बटणाचं हँडल असेल तर त्याच्या स्क्रूंमधलं अंतर बहुतेक पावणेदोन इंच असतं, त्यामुळे नाव माहीत नसलं तरी त्या अंतरावरून जुळणारं मिळतं. पण ते इकडून मागवू नका. ही दारं जेमतेम इंचभर जाडीची असतात, तुमच्या ४५ एमएमच्या सेक्शनला ते स्क्रू पुरणार नाहीत.

इथे दाराला हवेच्या नळकांड्याचा क्लोजर असतो आणि वरच्या बाजूला स्प्रिंगची साखळी. जोराच्या वाऱ्यात दार भिंतीपर्यंत जातच नाही. सेक्शनवाले सांगतायत ती साखळी आधी लावा.

पडवी_हर्णै

काम झालं, म्हणून कळवते.

काळ्या पावडर कोटिंगचं अ‍ॅल्युमिनियमचं हँडल रत्नागिरीत मिळालं, ८५ सेंटरचं. मी सेंटरचा आकडा सांगताच दुकानदाराने दुसरं काही न विचारता खोकं काढलं. खालचा स्क्रू ड्रिलनेच काढावा लागला. जुनी प्लेट निघाली तेव्हा तिची मागची बाजू बिस्किटासारखी ठिसूळ झालेली, बोटाने दाबली तर कोपरा तुटून आला. स्प्रिंगचे दोन तुकडे आतच होते. गज फिरवून बघितला, जीभ झटक्यात आत-बाहेर होते, म्हणून कुलूप तेच ठेवलं. सिलिंडरही तोच.

भिंतीवर दार आपटल्याची खूण होतीच, गिलाव्याला दांड्याच्या आकाराची खाच पडलीय. तिथे हूक लावला आणि वर साखळी. बाबांनी काठी डाव्या हातात धरून उजव्या कोपरानेच दांडा दाबून दार उघडलं, आता त्यांना कुणाला हाक मारावी लागत नाही.

एक शेवटचं विचारते. आई कुलपात खोबरेल तेल घालते. चालेल का?

सेक्शनवाला_गुहागर

खोबरेल नको. ते थंडीत थिजतं, धूळ धरून चिकट होतं आणि मग आतल्या पिना अडकतात. सिलिकॉन स्प्रे आणा, चावीच्या भोकात आणि जिभेवर थोडासा मारून चावी फिरवा. मिरगाआधी एकदा आणि नवरात्राच्या सुमारास एकदा.