मदत हवी आहे: वाड्यातलं अंधारं माजघर, याशिका मॅट आणि फ्लॅश, नक्की काय घेऊ?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून.

आमचा सदाशिव पेठेतला वाडा दिवाळीनंतर रिकामा करायचाय, रिडेव्हलपमेंटच्या सह्या झाल्यात. आजी लग्न होऊन आली ती याच वाड्यात, तिला आता चौऱ्याऐंशी पूर्ण होतील. मला तिचे तिच्या जागेवरचे फोटो काढायचेत, माजघरात, देवघरासमोर, ओटीवरच्या झोपाळ्यावर, आणि एक सगळ्यांचा ग्रुप, नऊ जणांचा. फोनवर शेकडो फोटो आहेत पण हे मला फिल्मवर हवेत आणि मोठ्या निगेटिव्हवर हवेत, कारण नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मोठी प्रिंट लावायचीये, तिच्या हातावरची एकेक सुरकुती दिसेल अशी.

कॅमेरा मामाचा याशिका मॅट १२४ जी, लेन्स ८० एमएम एफ/३.५ (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं), मागच्या वर्षी सर्व्हिस करून घेतलाय. बाहेर उन्हात झकास फोटो येतात. फिल्म इलफर्ड एचपी५, ४०० आयएसओची (म्हणजे उजेडाला किती संवेदनशील ते), १२० चा रोल, बारा फोटो.

प्रॉब्लेम आहे तो उजेडाचा. माजघर म्हणजे दहा बाय बारा, एकच छोटी खिडकी आणि ती पण बोळात उघडणारी, वर कडीपाट, तो इतक्या वर्षांत धुराने काळा झालेला. म्हणजे सगळे सांगतात तसं सीलिंगवर फ्लॅश बाउन्स करायचं तर विसराच, ते लाकूड सगळा प्रकाश पिऊन टाकतं. खिडकीच्या उजेडात एफ/३.५ वर काढून बघितले, पण दीड मीटरवर एफ/३.५ ला जेमतेम बारा सेंटीमीटर शार्प राहतं, आजीचे डोळे शार्प आले तर मांडीवरचे हात गेले आणि मला तर हातच हवेत. एफ/८ ला तेच अठ्ठावीस सेंटीमीटरच्या आसपास जातं, म्हणजे चेहरा आणि पुढे घेतलेले हात बसतात. म्हणून माझं टार्गेट एफ/८ आहे, त्याच्या खाली यायचं नाही.

मैत्रिणीचा ६० वॉटचा एलईडी सॉफ्टबॉक्ससकट आणून बघितला. उजेड मोजायच्या मीटरने एफ/८ ला १/१५ सेकंद दाखवलं. कॅमेरा स्टँडवर ठेवला तरी आजीचे हात थोडे थरथरतात, त्यामुळे १/१५ चालणार नाही, आणि लाइट जवळ आणला की ती डोळे किलकिले करते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तिचं. त्यामुळे फ्लॅशच हवा असं माझं मत झालंय. झटकन चमकून जातो, थरथर पण थांबते.

मग मामाचाच जुना फ्लॅश कॉर्डने लावून एक रोल काढला. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद, तो अंतराने भागला की एफचा आकडा मिळतो) २८ लिहिलाय, मी २ मीटरवरून पांढऱ्या छत्रीत मारला, एफ/८, १/१२५. बाराही वेळा फ्लॅश पेटला, आजी दर वेळी "अगं बाई, वीज पडल्यागत होतंय" म्हणायची. आणि रोल आला तो जवळजवळ कोरा! खिडकी आणि ट्यूबलाइटची कांडी तेवढी दिसते, आजी नाहीच. मला वाटलं डेव्हलपिंग चुकलं, पण लॅबवाल्यांनी निगेटिव्ह खिडकीशी धरून काठावरचे आकडे दाखवले, ते छान ठळक आलेत, म्हणजे केमिकलचा दोष नाही. हा काय प्रकार आहे कोणी सांगेल का? फ्लॅश जुना झाल्यामुळे पॉवर गेलीये का? रोल आणि डेव्हलपिंग धरून एकेक फोटो शंभराच्या आसपास जातो, आणि पैशापेक्षा आजीला पुन्हा पुन्हा तासभर बसवणं जिवावर येतं.

आता खरेदीचं. बजेट पंधरा हजारांपर्यंत. दोन पर्याय डोक्यात आहेत. एक म्हणजे गोडॉक्स टीटी६०० सारखा मॅन्युअल स्पीडलाइट, म्हणजे सेलवरचा छोटा फ्लॅश, सोबत स्टँड, छत्री आणि फ्लॅश लांबून पेटवायचा ट्रिगर. दुसरा म्हणजे एमएस३०० सारखा वायरवरचा स्टुडिओ फ्लॅश. दुसऱ्याला मॉडेलिंग लॅम्प (सतत पेटता दिवा) असतो हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण माजघरात वरून बघायच्या काचेवर फोकस करताना काहीच दिसत नाही, आणि सावली कुठे पडणार तेही आधी कळत नाही. पण वाड्यातलं वायरिंग जुनं आहे, इस्त्री लावली की दिवे मंद होतात, तिथे हे लावू का नको? आणि याशिकाला नुसता कोल्ड शू (फ्लॅश अडकवायची साधी खाच) आहे, फ्लॅशला सिग्नल देणारा मधला पॉइंट नाही, मग ट्रिगर लावायचा कसा?

आणखी एक, आजीचा चष्मा जाड भिंगाचा आहे. छत्री पूर्ण गोल त्यात दिसते. चष्मा काढून फोटो नकोत, चष्म्याशिवाय ती आमची आजी वाटतच नाही.

जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, फ्लॅश टाकून देऊ नका, तो ठणठणीत असणार. आधी कॅमेऱ्यावर एम आणि एक्स लिहिलेला छोटा खटका बघा. तो एम वर असेल. एम हे जुन्या फ्लॅशबल्बसाठी असायचं, बल्ब पेटून पूर्ण उजेड द्यायला वेळ घ्यायचा म्हणून कॅमेरा आधी फ्लॅशला सिग्नल देतो आणि सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागानंतर शटर उघडतो. आपला इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तेवढ्यात चमकून विझून पण जातो. रोल न घालता मागचं झाकण उघडा, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा, मागून लेन्समध्ये बघत फ्लॅश भिंतीवर मारा. एक्स वर असेल तर लख्ख गोल दिसेल, एम वर काळोख. एकदा एक्स वर आला की तिथे चिकटपट्टी लावून टाका.

बाकी तुमच्या कॅमेऱ्याचं शटर लेन्सच्या आत आहे, ते मोठं सुख आहे, १/५०० पर्यंत कुठल्याही स्पीडला फ्लॅश चालतो. माझ्याकडे पेन्टॅक्स ६७ आहे, त्याला १/३० च्या वर फ्लॅश लावला की अर्धी फ्रेम काळी. तुम्ही ट्यूबलाइट नको असेल तर १/५०० ठेवा, खिडकीचा थोडा उजेड फोटोत हवा असेल तर १/३० ला या, फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो.

प्रतिसाद २

माझं मत स्पीडलाइट. हिशोब करून बघा. फ्लॅशचा झूम ३५ ला ठेवून गाइड नंबर ३६ धरला तरी तो १०० आयएसओसाठी असतो, ४०० च्या फिल्मला तो दुप्पट म्हणजे ७२. दोन मीटरवर ७२ भागिले २ म्हणजे एफ/३६. छत्री दोन स्टॉप खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), उरला एफ/१८. तुम्हाला एफ/८ हवाय, म्हणजे पाव पॉवरवर काम होतंय, सेल पण टिकतात आणि आजींच्या डोळ्यांवर पण कमी पडतो. जुन्या वायरिंगवर स्टुडिओ फ्लॅश नको, दर वेळी चार्ज होताना करंट ओढतो. मॉडेलिंग लॅम्पच्या ऐवजी छत्रीच्या दांड्याजवळ साधा टेबल लॅम्प बांधा, फोकस झाला की बंद.

ट्रिगरसाठी पीसी कॉर्डवाला हॉट शू (मधला पॉइंट असलेला) अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो कोल्ड शूमध्ये सरकवायचा आणि कॉर्ड कॅमेऱ्याच्या भोकात. मामांचा जुना फ्लॅश मात्र कुठल्याही डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका, जुन्या काहींचं ट्रिगर व्होल्टेज दोनशेच्या वर असतं, सर्किट जळतं. याशिकाला काही होत नाही.

चष्म्याचं सोपं आहे, लाइट वर घ्या आणि बाजूला घ्या, आजींना हनुवटी इंचभर खाली करायला सांगा. छत्रीच्या जागी उभं राहून बघा, तिथून तुम्हाला भिंगात कॅमेरा दिसला तर कॅमेऱ्यालाही छत्री दिसणार.

धागाकर्तीकडून

खटका एम वरच होता! सर्व्हिस करून आला तेव्हापासून असेल, बाहेर फ्लॅश लागत नाही त्यामुळे कळलंच नाही. झाकण उघडून भिंतीवर मारून बघितलं, एम ला खरंच काहीच दिसत नाही आणि एक्स केल्याबरोबर पांढरा गोल. दहा वेळा करून बघितलं, खूप बरं वाटलं. प्रतिसाद १ वाल्यांचे मनापासून आभार, तुम्ही माझे दोन-तीन रोल वाचवलेत.

स्पीडलाइट, ४३ इंची पांढरी छत्री, स्टँड आणि अ‍ॅडॅप्टर घेतला, चौदा हजारांत सगळं बसलं. अप्पा बळवंत चौकातून पांढरा सनबोर्ड आणला, तो आजीच्या डावीकडे खुर्चीला टेकवून ठेवला, त्याने गालाखालची सावली एकदम मऊ झाली. भावाचा डिजिटल कॅमेरा ४०० आयएसओ, एफ/८, १/६० ला लावून आधी त्याच्यावर बघत होते आणि बरोबर वाटलं की मगच याशिकाचं बटण. टेबल लॅम्पची आयडिया फारच उपयोगी, काचेवर आजीच्या चष्म्याची दांडी स्पष्ट दिसायला लागली, त्यावरच फोकस केला. चष्म्यातली छत्री मात्र जाईना, शेवटी स्टँड तुळईला लागेपर्यंत वर घेतला तेव्हा गेली.

आज निगेटिव्ह आले. बारापैकी नऊ छान आहेत. एकात ती देवघरातली समई पुसतेय, मान खाली, आणि बोटांवरची तेलाची चमक दिसते.

आता ग्रुप राहिलाय. नऊ जण दोन ओळीत, ओटीवर, कॅमेरा ३ मीटरवर, छत्री साडेतीन मीटरवर लावावी लागेल. माझ्या हिशोबाने फुल पॉवरवर एफ/१० च्या आसपास येतोय, एफ/८ ला सव्वा मीटरच्या आत सगळ्यांना बसवावं लागेल, ते जमेल. पण एका छत्रीने कडेचे दोघं अंधारात जातील का? मामाचा जुना फ्लॅश दुसऱ्या बाजूने ऑप्टिकल स्लेव्हवर (पहिला फ्लॅश चमकला की दुसरा आपोआप पेटवणारा) लावला तर दोन सावल्या पडतील का, की कॅमेऱ्याच्या मागे उंचावर एकच छत्री ठेवू? पुढच्या रविवारी सगळे जमणार आहेत, शुक्रवारपर्यंत सांगितलंत तर फार मदत होईल.